40 मिलिसेकंदांचा हिशेब द्या

तुमच्या रिपोर्टच्या निष्कर्षात एक वाक्य आहे: ‘लिनक्स कर्नलच्या नेटवर्क स्टॅकमध्ये टायमिंगचा बग आढळला व तो दूर करण्यात आला.’ या एका वाक्यात तीन विधानं आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. बग कर्नलमध्ये नव्हता. तो तुम्हाला आढळला नाही. आणि तो दूरही झालेला नाही. उभं राहायची गरज नाही, बसूनच ऐका. पण मोबाइल दप्तरात टाका आणि ऐका.

तुम्ही चौघांनी काय केलंत ते आधी वर्गासमोर सांगते. क्लायंट सर्व्हरला विनंती पाठवतो, सर्व्हर उत्तर देतो. दोन्ही व्हर्च्युअल मशिन एकाच लॅपटॉपवर. मध्ये ना राउटर, ना केबल. बहुतेक उत्तरं अर्ध्या मिलिसेकंदात येतात, पण काही उत्तरांना 40 मिलिसेकंद लागतात. इथे तुमच्या हाती सोन्यासारखा पुरावा होता. तुम्ही काय केलंत? क्लायंटचा टाइमआउट वाढवलात. त्यानं भागलं नाही म्हणून सर्व्हरमध्ये यूस्लीप, म्हणजे मुद्दाम थांबण्याची ओळ, घातलीत. मग कर्नलच्या कोडमध्ये प्रिंटके, म्हणजे संदेश छापणाऱ्या ओळी, पेरलेत. आणि तरीही टेस्ट अधूनमधून पडते म्हणून ती तीनदा चालवायची आणि एकदा पास झाली की पास धरायची, अशी सोय केलीत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. यातल्या एकाही पायरीवर तुमच्यापैकी कुणीही विचारलं नाही की हे 40 मिलिसेकंद गेले कुठे.

तुमचाच तक्ता उघडा. उशिरा आलेलं प्रत्येक उत्तर 40 आणि 41 च्या मध्ये आहे. एकही 27 नाही, एकही 63 नाही. गर्दीमुळे झालेला उशीर असा शिस्तीत येत नाही. तो कधी थोडा असतो, कधी फार. दर वेळी तोच आकडा येतो तेव्हा कुणीतरी घड्याळ लावून थांबलेलं असतं. हे कळायला कर्नल वाचावा लागत नाही, आकड्यांकडे डोळे उघडून बघावं लागतं. पण तुम्ही सगळ्या वेळांची सरासरी काढलीत आणि साडेचार मिलिसेकंद असा आकडा छापलात. एकाही विनंतीला साडेचार मिलिसेकंद लागलेले नाहीत! सरासरी काढून तुम्ही पुरावा पुसून टाकलात, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

आता ते 40 कुठून आले ते ऐका. 1984 साली फोर्ड एरोस्पेसमधल्या जॉन नेगल यांनी आरएफसी 896 लिहिला. त्या काळी टर्मिनलवर एक अक्षर दाबलं की एका बाइटसाठी 41 बाइटचं पॅकेट निघायचं. त्यांनी नियम घातला: आधी पाठवलेल्या डेटाची पोच, म्हणजे अ‍ॅक, येत नाही तोवर नवं छोटं पॅकेट पाठवू नका, साठवून ठेवा. दुसऱ्या टोकाला वेगळाच नियम आला. डेटा मिळाल्या मिळाल्या नुसती पोच पाठवू नका, थोडं थांबा, कदाचित उत्तरच पाठवायचं असेल, त्याच पॅकेटवर पोच बसवून द्या. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणपणाचे आहेत. तुमचा क्लायंट नोंद करायच्या विनंतीत आधी हेडर एका राइटने लिहितो आणि मग मजकूर दुसऱ्या राइटने. हेडर लगेच जातं. मजकूर छोटा आहे आणि हेडरची पोच आलेली नाही, म्हणून तो अडतो. तिकडे सर्व्हरकडे अर्धीच विनंती आहे, तो उत्तर देऊ शकत नाही, म्हणून पोचही थांबवून ठेवतो. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. शेवटी लिनक्समधला पोच उशिरा देण्याचा टायमर वाजतो, आणि त्याची किमान मुदत आहे 40 मिलिसेकंद. कर्नलच्या टीसीपीच्या हेडर फाइलमध्ये ती उघड लिहिलेली आहे: एका सेकंदाचा पंचविसावा भाग.

वाचण्याच्या विनंतीत फक्त हेडर असतं, म्हणून तिथे उशीर होत नाही. आणि कनेक्शन नवं असताना लिनक्स सुरुवातीच्या काही पोचा मुद्दाम लगेच देतो, म्हणून पहिल्या काही नोंदी झटपट होतात आणि मग अडकायला लागतात. रिपोर्टात तुम्ही याला ‘कधीकधी होणारा दोष’ म्हटलंय. ‘कधीकधी’ हे निदान नव्हे. कधी होतं आणि कधी होत नाही, याचं उत्तर तुमच्याच प्रोग्रामच्या दोन ओळींत होतं. हेडर आणि मजकूर एकाच राइटने लिहा, किंवा नेगल यांचा नियम बंद करणारा नोडिलेचा पर्याय सॉकेटवर लावा. यूस्लीपची गरज नाही, टाइमआउटची गरज नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वर दोष कर्नलवर! जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षं तपासलेल्या कोडवर आरोप करताना आधी स्वतःचा कोड निर्दोष आहे हे सिद्ध करायचं असतं. तेवढा आदर कर्नलला द्या. कर्नल चुकत नाही असं माझं म्हणणं नाही. तो चुकतो, आणि कसा चुकतो ते पुढे सांगणार आहे.

त्याआधी तुमच्या प्रिंटकेबद्दल. पॅकेट ज्या वाटेनं जातं त्या वाटेवरच तुम्ही प्रिंटके ठेवलात, आणि तुमच्या मशिनचा कन्सोल सिरियल पोर्टवर आहे. 115200 बॉडच्या सिरियल लाइनवरून एका सेकंदात साधारण 11,520 अक्षरं जातात. म्हणजे 80 अक्षरांची एक ओळ छापायला जवळजवळ 7 मिलिसेकंद. अर्ध्या मिलिसेकंदात पार पडणारी गोष्ट मोजायला तुम्ही 7 मिलिसेकंदांचा अडथळा मध्ये आणून बसवलात. आकडे बदलले तेव्हा तुम्हाला वाटलं बग हलला. हललं तुमचं मोजमाप. वेळेच्या बगमागे लागलेल्या माणसानं पहिली काळजी घ्यायची ती ही की आपण बघतोय म्हणून वेळ बदलत तर नाही ना. यासाठीच एफट्रेस आहे; ट्रेस प्रिंटके मजकूर पडद्यावर न पाठवता मेमरीतल्या बफरमध्ये टाकतो, तो नंतर सावकाश वाचता येतो. प्रयोगशाळेच्या दुसऱ्या आठवड्यात हे शिकवलं होतं. हजेरीपटावर तुमच्या चौघांच्या सह्या आहेत.

आणि आकडे ओळखायला शिका. जो नेटवर्कचं काम करणार आहे त्याला काही आकडे तोंडपाठ हवेत, पाढ्यांसारखे. 40 मिलिसेकंद दिसले तर उशिरा दिलेली पोच. 200 मिलिसेकंदांच्या थोडं वर दिसलं तर पॅकेट हरवलं आणि पुन्हा पाठवलं गेलं, कारण लिनक्समध्ये पुन्हा पाठवण्याचा टायमर, कुणी मुद्दाम बदलला नसेल तर, 200 च्या खाली जात नाही. कनेक्शन जुळायला बरोबर 1 सेकंद जास्त लागला तर पहिलं सिन पॅकेट हरवलं. 2023 आधीच्या लिनक्सवर दुसरंही हरवलं तर 3 सेकंद, तिसरंही हरवलं तर 7, कारण तिथे थांबण्याची मुदत दर वेळी दुप्पट व्हायची. 2011 च्या आरएफसी 6298 आधी ही पहिली मुदतच 3 सेकंदांची होती, त्यामुळे जुन्या मशिनवर आकडे वेगळे दिसतील. आणि बरोबर 5 सेकंद दिसले तर टीसीपीकडे बघूच नका, नाव शोधणाऱ्या रिझॉल्व्हरकडे बघा; त्याची ठरलेली मुदत 5 सेकंदांची असते. पाणी कुठे मुरतंय ते आकडा स्वतः सांगतो. तुम्ही विचारत नाही.

टायमर चुकीचा लागला तर काय होतं याची कल्पना तुम्हाला नाही, म्हणून तो वाढवताना तुमचा हात थरथरत नाही. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला डेटाचा वेग 32 किलोबिटवरून 40 बिटवर आला. सेकंदाला 40 बिट, म्हणजे पाच अक्षरं. दोन जागांत अंतर होतं 400 यार्ड. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी 4.3 बीएसडीच्या कर्नलमधला टीसीपी तपासायला घेतला. त्यांना सापडलेल्या कारणांपैकी एक पुन्हा पाठवण्याचा टायमर होता. जुन्या नियमानुसार पॅकेटच्या सरासरी फेरीची दुप्पट एवढं थांबायचं. गर्दी वाढली की फेरीचा वेळ नुसता वाढत नाही, तो वेडावाकडा वर-खाली होतो. सरासरीच्या दुपटीत तो मावत नाही. मग टायमर वेळेआधी वाजतो आणि जे पॅकेट हरवलेलं नाही, नुसतं रांगेत उभं आहे, तेच पुन्हा पाठवलं जातं. तुंबलेल्या वाटेवर आणखी भर. जेकबसननी हिशेब मांडून दाखवलं की दुपटीचा हा नियम 30 टक्के भारापलीकडे टिकत नाही. त्यांनी सरासरीबरोबर चढउतारही मोजायला लावला. मुदत ‘जरा वाढवून बघू’ असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी प्रत्येक पॅकेटची वेळ मांडून आलेख काढले. पॅकेटं टिपणाऱ्या ज्या टीसीपीडंपला तुम्ही हात लावला नाहीत, तो याच प्रयोगशाळेत, याच माणसाच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या हातून तयार झाला.

आता कर्नलमधल्या खऱ्या बगची गोष्ट. नीट ऐका, कारण परीक्षेपेक्षा ही जास्त उपयोगी पडेल.

लिनक्समध्ये 2006 च्या 2.6.19 आवृत्तीपासून गर्दी सांभाळायचं काम मुख्यतः क्युबिक नावाची पद्धत करते. पॅकेट हरवलं की क्युबिक आपली विंडो, म्हणजे एका वेळी किती डेटा वाटेवर सोडायचा ती मर्यादा, कमी करते, आणि मग ती काळाच्या घनाच्या प्रमाणात वाढवत नेते. आधी भराभर, मागच्या वेळी जिथे पॅकेट हरवलं त्या पातळीजवळ आली की सावकाश, ती पातळी बिनधोक ओलांडली की पुन्हा भराभर. सगळी मदार एका प्रश्नावर: ही वाढ सुरू होऊन किती वेळ झाला? त्यासाठी ती सुरुवातीची वेळ एका चलात लिहून ठेवते, त्याचं नाव एपॉक स्टार्ट.

प्रोग्रामनं काही सेकंद काहीच पाठवलं नाही तर? घड्याळ चालूच राहतं. कनेक्शन गप्प बसलंय, नेटवर्कची कसलीही परीक्षा झालेली नाही, पण क्युबिकच्या हिशेबानं बराच काळ बिनधोक गेला. पुन्हा पाठवायला सुरुवात झाली की विंडो दर फेरीला दीडपट फुगायला लागते. असा बग मशिन पाडत नाही, लॉगमध्ये एरर टाकत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षं तिथे राहिला आणि 2015 साली जना अय्यंगार यांच्या नजरेला पडला. त्यांनी सुचवलेला पहिला उपाय सरळ होता: प्रोग्राम गप्प बसला की सुरुवातीची वेळ नव्यानं धरा. नील कार्डवेल यांनी त्यातला दोष दाखवला. वेळ नव्यानं धरली तर वक्राची सुरुवातीची खडी चढण पुन्हा मिळते, म्हणजे विंडो परत भराभर वाढते. हवा तो उपाय असा, की वक्राचा आकार तोच राहावा, फक्त जितका वेळ शांतता होती तितका तो पुढे सरकावा. सप्टेंबर 2015 मध्ये एरिक ड्युमाझे यांनी तसा बदल कर्नलमध्ये घातला: शेवटचं पॅकेट पाठवल्यापासून आतापर्यंत गेलेला वेळ एपॉक स्टार्टमध्ये मिळवायचा.

इथे गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. तुमच्या रिपोर्टात ती इथेच संपली असती.

नील कार्डवेल यांनी पॅकेटड्रिलमध्ये एक टेस्ट लिहिली होती. पॅकेटड्रिल म्हणजे कोणतं पॅकेट कोणत्या क्षणी आलं आणि कर्नलनं कोणत्या क्षणी काय करायला हवं हे तंतोतंत लिहून तपासायचं साधन. ती टेस्ट कधी पास व्हायची, कधी नापास. त्यांनी ती तीनदा चालवून पास धरली नाही. आणि त्या डळमळीत टेस्टमधून दुसरा बग सापडला.

फळ्यावर आकडे मांडते, लिहून घ्या. पॅकेट पाठवलं 100 व्या मिलिसेकंदाला. त्याची पोच आली 180 व्याला. क्युबिक सुरुवातीची वेळ पोच आल्यावर धरते, म्हणून एपॉक स्टार्ट झाला 180. मग शांतता. पुढचं पॅकेट निघालं 1180 व्या मिलिसेकंदाला. शांतता किती? नव्या कोडच्या हिशेबानं शेवटचं पॅकेट पाठवल्यापासून, म्हणजे 1180 उणे 100, बरोबर 1080. ते मिळवा 180 मध्ये. एपॉक स्टार्ट झाला 1260. आणि आत्ता घड्याळात वाजलेत 1180! सुरुवात 80 मिलिसेकंद भविष्यात गेली. एक वेळ पाठवण्याच्या क्षणाची, दुसरी पोच येण्याच्या क्षणाची, आणि दोन्ही एका बेरजेत. ‘आत्ता’तून ‘सुरुवात’ वजा केली की ऋण आकडा येतो. पुढच्या हिशेबात तो ऋण धरलाच जात नाही, अफाट मोठा धन आकडा होऊन बसतो, आणि क्युबिक पुन्हा हवी त्यापेक्षा वेगानं विंडो वाढवू शकते. म्हणजे बग मारायला घातलेल्या ओळीतूनच तोच बग दुसऱ्या दारानं आत येत होता. त्याच महिन्यात दुरुस्ती झाली: एपॉक स्टार्ट भविष्यात जात असेल तर तो ‘आत्ता’वर आणून ठेवा. एक तपासणी, एक नेमणूक. आणि बदलाच्या टिपणात ड्युमाझे यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय की हे मोजमाप तंतोतंत नाही, तंतोतंत करायला आणखी एक चल लागेल. तुमच्या ‘दूर करण्यात आला’च्या शेजारी ते टिपण ठेवून वाचा.

आता तुमच्या टेस्टमधल्या रीट्रायकडे बघा. तुमच्या हातात कार्डवेल यांची टेस्ट असती तर दुसरा बग आजही कर्नलमध्ये असता, कारण तुम्ही ती तिसऱ्यांदा चालवून हिरवी करून घेतली असती. डळमळीत टेस्ट म्हणजे तुमच्याकडे चालत आलेला साक्षीदार. त्याचं म्हणणं गैरसोयीचं आहे म्हणून तुम्ही त्याला दाराबाहेर काढलंत.

कर्नल लिहिणारी माणसं याच्या नेमकं उलट वागतात. जिफीज हा कर्नलचा टिकांचा मोजणीआकडा. 32 बिटांत तो कधीतरी भरून शून्यावर येतो. सेकंदाला 1000 टिका असतील तर 49.7 दिवसांनी. इतके दिवस सलग चालल्यावरच दिसणारा बग प्रयोगशाळेत कोण पकडणार? म्हणून त्यांनी जिफीजची सुरुवात शून्यापासून न करता भरायला पाच मिनिटं कमी असताना केली. मशिन सुरू केल्यावर पाच मिनिटांत आकडा उलटतो आणि ज्यानं दोन वेळांची तुलना आडाखा बांधून केली असेल त्याची चूक त्याच्या टेबलावरच उघडी पडते. ते बगला लवकर बाहेर ओढतात. तुम्ही त्याला झोपवता आणि व्हायवा संपेपर्यंत उठू नये अशी आशा करता.

तुम्ही मूर्ख असता तर मी एवढं बोलले नसते; कमी गुण देऊन मोकळी झाले असते. तुमच्यातल्या दोघांनी मागच्या सत्रात शेड्युलरवर चांगलं काम केलंय, ते मी स्वतः तपासलं आहे. घोडं कुठे पेंड खातं हे शोधायची बुद्धी तुमच्याकडे आहे. चिकाटी दाखवत नाही तुम्ही. सबमिशनची तारीख जवळ आली की समजून घेणं थांबतं आणि वेळ मारून नेणं सुरू होतं. पुढच्या वर्षी तुम्ही नोकरीला लागाल. तुम्ही लिहिलेला कोड कुठल्यातरी बँकेच्या, रुग्णालयाच्या, रेल्वेच्या सर्व्हरवर चालेल, आणि तिथे घातलेली यूस्लीप काढायला मी येणार नाही.

तेव्हा हा रिपोर्ट मी परत करते आहे. पुढच्या सोमवारी मला नवा हवा. दोन्ही टोकांचा टीसीपीडंप हवा, एकाच टोकाचा चालणार नाही; आणि दोन मशिनची घड्याळं जुळत नसतील तर किती मिलिसेकंदांनी जुळत नाहीत ते लिहा. सरासरी नको, प्रत्येक विनंतीची वेळ आलेखावर हवी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती का बदलली ते बदलण्याआधी लिहा. उशीर हवा तेव्हा घडवून दाखवा, हवा तेव्हा थांबवून दाखवा. दोन्ही जमलं तरच कारण सापडलं असं मी धरेन. नसेल जमलं तर ‘कारण सापडलं नाही’ असं लिहा, त्याचे गुण मी कापणार नाही. खोटं ‘दूर करण्यात आला’ लिहिलंत तर टर्मवर्कवर सही होणार नाही.

आणि टेस्टमधला तो रीट्राय आज, घरी जाण्याआधी काढा.